नाण्यांच्या व्यावसायिक संवर्धन-सेवा: वेळ कुठे जातो आणि हाती काय येतं

पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटातून उतरलेला हिरवट चिकट थर, चांदीच्या प्रूफ नाण्यावरचा (आरशासारखं चकचकीत, संग्रहासाठी पाडलेलं नाणं) धुरकटपणा आणि सोन्यावर बसलेला बाहेरचा मळ, या तीन दुखण्यांवर व्यावसायिक संवर्धन-सेवा खरोखर उपयोगी पडते. काळवंडलेल्या चांदीसाठी कधी पडते, कधी नाही. तांब्यासाठी क्वचितच. झीज, ओरखडे, आधीच कुणी घासून ठेवलेला पृष्ठभाग किंवा बुलियन (धातूच्या भावासाठी घेतल्या जाणाऱ्या) नाण्यांवरचे दुधी डाग यांच्यासाठी पाठवायचा विचार असेल, तर नाणी घरीच ठेवा. हे सुरुवातीलाच सांगितलं, कारण पाठवलेली नाणी परत हातात यायला बरेचदा महिने लागतात. इतकं थांबून 'काही करण्याजोगं नव्हतं' एवढंच कळलं की संग्राहक सेवेवर चिडतो, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा चूक नाण्याच्या निवडीत असते.

या कामात दोन नावं प्रामुख्याने घेतली जातात. एक एनसीएस, फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथली, ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे नाण्याची प्रत ठरवणाऱ्या एनजीसी या कंपनीच्याच समूहातली. दुसरं पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीच्या रिस्टोरेशन विभागाचं. पीसीजीएसची स्थापना १९८५ ची, एनजीसीची १९८७ ची. दोन्हीकडे नाण्याला शेल्डन मापावर १ ते ७० यांतला आकडा (जितका जास्त तितकी स्थिती चांगली) देऊन ते प्लॅस्टिकच्या सीलबंद होल्डरमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये बसवतात. संवर्धन ही त्याच्या आधीची पायरी. नाण्यावर पीव्हीसी, जुनं लॅकर, डिंक किंवा ओरखडा लपवायला भरलेली पुटी दिसली की आकडा मिळत नाही. लेबलवर 'डिटेल्स' येतं आणि पुढे दोष लिहिला जातो. डिटेल्स नाणं आणि आकडा मिळालेलं नाणं यांच्या किमतीत मोठी दरी असते. या सेवेचा सगळा व्यवहार त्या दरीवर चालतो, आणि आपला हिशोबही तिथूनच सुरू करायचा.

दोन्हीकडचं तत्त्व एकच आहे. नाण्यावर बाहेरून येऊन बसलेलं आणि पुढे अपाय करणारं जे असेल ते काढायचं, मूळ धातूला शक्य तितका हात लावायचा नाही. भोक बुजवणं, ओरखडा भरणं, झिजलेले केस कोरून उठवणं, कृत्रिम टोनिंग, म्हणजे काळाने येणारी रंगछटा, चढवणं ही दुरुस्ती झाली. ती इथे करून मिळत नाही आणि मागूही नये. सेवा पारखताना आम्ही सर्वांत जास्त गुण देतो ते नकाराला. नाणं भिंगाखाली धरून 'हा थर काढला तर खालचा पृष्ठभाग उघडा पडेल आणि तो चांगला नाही' हे ओळखणारा आणि नाणं तसंच राहू देणारा माणूस मिळणं, याचेच खरे पैसे आहेत. नकार दिला तरी तपासणीचं शुल्क लागतं. त्यावर नाराजी ऐकू येते, ती आम्हाला पटत नाही.

आता वेळेचं. जाहीर केलेला कालावधी कामाच्या दिवसांत असतो, त्यामुळे ४० दिवस म्हणजे कॅलेंडरवरचे आठ आठवडे, आणि मध्ये सुट्ट्या आल्या तर त्याहून जास्त. मोजणीही पार्सल पोचल्याच्या क्षणापासून सुरू होईल असं नाही. पार्सल उघडून, फॉर्मवरच्या प्रत्येक ओळीशी नाणं पडताळून, ऑर्डर संगणकात चढली की मग घड्याळ चालू होतं. कुरियरने 'पोचलं' म्हटल्यावरही आपल्या खात्यात काहीच दिसत नाही तो हा काळ, आणि सर्वांत जास्त घाबरे फोन याच काळात जातात. तिसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: संवर्धनाची रांग वेगळी, ग्रेडिंगची वेगळी. ग्रेडिंगच्या तक्त्यात दिसणारा कालावधी संवर्धन संपल्यानंतर लागू होतो. म्हणजे दोन्ही रांगांची बेरीज, वर जाण्या-येण्याचा प्रवास, आणि नाणी देशाबाहेर जात असतील तर दोन्ही बाजूंची सीमाशुल्क तपासणी.

खात्यातली स्थिती कशी वाचायची तेही समजून घ्या. 'नोंद झाली' आणि 'संवर्धनात' यांच्यामध्ये ऑर्डर नुसती रांगेत असते. 'संवर्धनात' ही स्थिती आठवडेच्या आठवडे हलत नाही याचा अर्थ नाणं त्या सगळ्या काळात द्रावणात बुडालेलं आहे असा नाही. एका जातीचं काम एकत्र हाती घेतलं जातं आणि आपल्या नाण्याची पाळी त्या गटाबरोबर येते. ग्रेडिंगचे आकडे दिसू लागल्यावरही सील करणं, सील केलेल्या नाण्याची अंतिम तपासणी, मागवलं असेल तर छायाचित्रण आणि पॅकिंग बाकी असतं. आकडा दिसला की पेटी निघाली असं धरून विक्रीची तारीख कुणाला देऊ नका.

सर्वांत मोठा उशीर मात्र आपण स्वतः ओढवून घेतो. एका फॉर्मवरची सगळी नाणी एकत्र फिरतात आणि एकत्र परततात. दहा चांदीची नाणी पीव्हीसीसाठी आणि एक कांस्याचं नाणं क्लोराइडच्या गंजासाठी, अशी अकरा नाणी एकाच फॉर्मवर टाकली की चांदीच्या दहाही नाण्यांना त्या एका कांस्याची वाट पाहत बसावं लागतं. धातू वेगळा, दुखणं वेगळं, तर फॉर्म वेगळा. पाठवणीचा खर्च थोडा वाढतो, पण साधी नाणी लवकर सुटतात.

पीव्हीसीबद्दल जरा सविस्तर, कारण पाठवल्या जाणाऱ्या नाण्यांत हे दुखणं फार आढळतं आणि याच्यावरच सेवेचा निकाल उत्तम लागतो. मऊ, लवचीक फ्लिप (नाणं ठेवायचं पारदर्शक पाकीट) ज्यामुळे मऊ राहतो तो प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपून नाण्यावर बसतो. प्लॅस्टिकच्या विघटनातून हायड्रोजन क्लोराइडही सुटतो आणि ओलाव्याबरोबर त्याचं आम्ल होऊन ते धातू खातं. मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं) १० पट भिंगाखाली धरा आणि दिवा तिरपा करा: त्यावरच्या लिबर्टी या स्त्री-प्रतिमेच्या हनुवटीखाली, अक्षरांच्या बुडाशी, केसांच्या बटांमधल्या खाचांत मटाराच्या रंगाचा ओलसर चकाकणारा थर दिसेल. मोकळ्या फील्डवर, म्हणजे चित्र-अक्षरांभोवतीच्या सपाट भागावर, तो पातळ राखाडी धुक्यासारखा असतो आणि सरळ उजेडात दिसतच नाही. डॉलर ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांब्याचा. हिरवा रंग येतो तो त्या तांब्यामुळे.

हा थर शुद्ध ॲसिटोनमध्ये विरघळतो, आणि तो वरवरचा असेल तर नाणं कुठेही पाठवायची गरज नाही. काचेच्या तीन वाट्या घ्यायच्या. पॉलिस्टायरीनचा पेला ॲसिटोनमध्ये विरघळतो आणि नाण्यावर नवीनच लेप बसतो. पहिल्या वाटीत नाणं झाकून काही तास ठेवायचं, दुसरीत नव्या ॲसिटोनमध्ये हलवायचं, तिसरीत शेवटची खळबळ, आणि कडेने धरून हवेत वाळू द्यायचं. घासायचं नाही, कापसाने टिपायचंही नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. त्यात सुगंध, रंग आणि तेलकट पदार्थ असतात. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्याची वाफ चटकन पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या आणि ज्योत लांब. नाणं पाठवायचं ते हे करूनही हिरवा अंश खाचांत उरला तर, किंवा किंमत इतकी असेल की स्वतः हात लावायचा धीर होत नाही तेव्हा. थराखालचा धातू खाल्ला गेला असेल, तर संवर्धनानंतर तिथे बारीक खडबडीत मॅट चट्टा राहतो. तो कुणीही भरून देत नाही, आणि लेबलवर डिटेल्स कायम राहू शकतं.

चांदीच्या काळेपणाचं गणित वेगळं आहे. टोनिंग म्हणजे सिल्व्हर सल्फाइडचा पातळ पापुद्रा, आणि रंग त्या पापुद्र्याच्या जाडीवर ठरतो: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, पुढे पुन्हा पिवळ्या-हिरव्या छटा आणि शेवटी काळा. सुरुवातीच्या टप्प्यातला रंग काढून टाकायचं काहीच कारण नसतं. नैसर्गिक, आकर्षक टोनिंगला संग्राहक जास्त पैसे देतात. काढायचा तो डागाळलेला, विद्रूप थर. त्यासाठी जी डिप (नाणं क्षणभर बुडवायचं द्रावण) वापरली जाते ती सहसा आम्लात विरघळवलेल्या थायोयुरियाची असते. ती सल्फाइड काढते, पण सल्फाइडमधली चांदी मूळ नाण्याचीच होती, म्हणजे प्रत्येक वेळी पृष्ठभागाचा अतिसूक्ष्म थर जातोच. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखा उजेड फिरतो तो त्या रेषांमुळे. डिप जास्त वेळ झाली किंवा वारंवार झाली की रेषा बोथट होतात. नाणं पांढरंशुभ्र दिसतं, पण उजेड फिरत नाही. ते पुन्हा कधीच जिवंत दिसत नाही.

पूर्ण काळ्या पडलेल्या नाण्याच्या बाबतीत चांगली सेवा हात आखडता घेते ते योग्यच आहे. इतका जाड थर बसेपर्यंत खालच्या रेषा खाल्ल्या गेलेल्या असतात, आणि थर काढला की निर्जीव राखाडी धातू उघडा पडतो. काळं नाणं निदान मूळ दिसतं.

प्रूफ नाण्यांच्या धुरकटपणात एक अडचण आहे आणि ती आधीच समजून घ्यावी. धुकं निघून गेलं की आरशासारखं फील्ड स्वच्छ होतं, आणि त्या धुक्याआड लपलेल्या केसासारख्या बारीक रेषा स्पष्ट दिसू लागतात. कुणी तरी कधी काळी कापडाने पुसलेलं असतं, त्याच्या या खुणा. नाणं आधीपेक्षा देखणं होऊन परत येतं आणि आकडा मात्र अपेक्षेपेक्षा कमी. यात सेवेचा दोष नाही. पाठवण्याआधी एकाच बिंदूतून येणाऱ्या तीव्र दिव्याखाली नाणं सावकाश तिरपं करत पूर्ण फेरी फिरवा. धुक्यातूनही समांतर रेषांचे झुबके दिसले तर खर्च करू नका.

तांब्याबद्दल आमचं मत कडक आहे. ग्रेडिंगमध्ये तांब्याला रंगाची वेगळी खूण लागते: मूळ लाली ९५ टक्के वा अधिक टिकली तर आरडी (रेड), ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर बीएन (ब्राउन), मधलं सगळं आरबी (रेड-ब्राउन). गेलेली लाली कोणत्याही रसायनाने परत येत नाही. डिपमधून निघालेलं तांबं आधी कच्च्या गुलाबी-नारिंगी रंगाचं दिसतं आणि पुढे असमान, जांभळट चट्ट्यांनी काळवंडतं. अनुभवी ग्रेडर ते एका नजरेत ओळखतो. काळे कार्बन-ठिपके काढले तर खाली खड्डा उरतो. तांब्यावरचं पीव्हीसी, तेल, डिंक काढण्यापुरतं पाठवायला हरकत नाही. रंग 'सुधारावा' म्हणून पाठवू नका.

प्राचीन कांस्य आणि तांब्याच्या नाण्यांवर 'ब्राँझ डिसीज' असेल तर मात्र वाट पाहण्याला पर्याय नाही, आणि इथे लागणारा वेळ रसायनशास्त्र ठरवतं. नाण्याच्या आत क्युप्रस क्लोराइड दडलेलं असतं. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याचा फिकट हिरवा भुसभुशीत क्षार बनतो आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल आतल्या ताज्या तांब्यावर चढतं, नवीन क्लोराइड तयार होतं आणि चक्र चालू राहतं. ओळखायची साधी खूण अशी: स्थिर हिरवा पॅटिना (धातूवर मुरलेला थर) कठीण आणि गुळगुळीत असतो, टूथपिकने खरवडला जात नाही. रोगाचा हिरवा रंग फिकट, पिठासारखा, टूथपिक लावताच सुटणारा, आणि काढल्यावर दमट हवेत काही दिवसांत त्याच जागी पुन्हा उगवणारा. रुजलेली पद्धत म्हणजे सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं ५ टक्क्यांचं द्रावण. नाणं त्यात बुडवून ठेवायचं, द्रावण आठवड्याच्या आसपास बदलायचं, आणि त्यात क्लोराइड उतरायचं थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. थांबलं की नाही ते तपासायला द्रावणाचा नमुना नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. पांढरट गढूळपणा आला तर अजून बाकी आहे. हे काम आठवडे घेतं, खोल रोग असेल तर महिने. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याच्या खळबळी, पूर्ण वाळवण, आणि बेंझोट्रायझोलचं इथेनॉलमधलं साधारण ३ टक्क्यांचं द्रावण, जे तांब्यावर संरक्षक पापुद्रा धरतं. बेंझोट्रायझोल अंगावर येऊ न देण्याचा पदार्थ आहे. घरी करायचं काम नव्हे. हे सगळं कुणी दोन आठवड्यांत करून देतो म्हणत असेल तर त्याच्याकडे नाणं देऊ नका. या एका दुखण्यात घाईची सेवा ही वाईट सेवा असते.

सोनं स्वतः जवळजवळ कशाशीच अभिक्रिया करत नाही, म्हणून पीव्हीसी, मेण, डिंक, हाताचा मळ आणि पुटी याबाबतीत निकाल समाधानकारक लागतो. पुटी निघाली की तिच्याखाली लपवलेला ओरखडा उघड होतो, आणि तो आधीपासूनच तिथे होता हे विकणाऱ्याला विचारायचा मुद्दा आहे, संवर्धकाला नाही. मिश्रधातूतलं तांबं ठिपक्यांच्या रूपात लाल पडलेलं असेल तर हमी धरू नका; तो डाग धातूच्या अंगातला असतो.

दुधी डागांबद्दल दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. चांदीच्या बुलियन नाण्यांवरचे हे पांढरे चट्टे टांकसाळीतच, चकत्या धुताना राहिलेल्या अंशामुळे येतात असं मानलं जातं, आणि ते पृष्ठभागात रुतलेले असतात. ॲसिटोन, डिप, काहीच खात्रीने चालत नाही. रॉयल कॅनेडियन मिंटने २०१८ पासून मेपल लीफच्या चांदीच्या नाण्यांना मिंटशील्ड नावाची प्रक्रिया सुरू केली ती याच त्रासावर उपाय म्हणून. टांकसाळीला जे टाळण्यासाठी वेगळी प्रक्रिया आणावी लागली ते संवर्धनाने पुसून मिळेल ही अपेक्षा सोडून द्या.

या सेवांची कुवत किती मोठ्या प्रमाणावर पारखली गेली आहे याचं ठळक उदाहरण समुद्रातून आलेल्या नाण्यांचं. १८६५ मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्यापलीकडे वादळात बुडालेलं एसएस रिपब्लिक हे जहाज २००३ मध्ये ओडिसी मरीन एक्सप्लोरेशनने शोधलं, त्यातून ५१,००० च्या वर नाणी निघाली आणि त्यांचं संवर्धन एनसीएसने केलं. सोन्याची नाणी त्यातून झळाळत निघाली. चांदीच्या अनेक नाण्यांवर खाऱ्या पाण्याने खाल्ल्याच्या खुणा राहिल्या आणि त्यांना आकड्याऐवजी 'शिपरेक इफेक्ट' असा शेरा मिळाला. उत्तमातलं उत्तम संवर्धनही गेलेला धातू परत आणत नाही, हे त्या लेबलवरच लिहिलेलं आहे.

खर्चाचे भाग साधारण असे: संवर्धनाचं शुल्क, जे अनेकदा नाण्याच्या जाहीर किमतीच्या प्रमाणात असतं, ग्रेडिंगचं शुल्क, तेही किंमत आणि वेगाच्या श्रेणीनुसार, परतीची पाठवणी आणि विमा. ही बेरीज एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला त्याच नाण्याचा डिटेल्स अवस्थेतला भाव आणि वास्तवात मिळेल असा, स्वप्नातला नव्हे, आकडा धरून येणारा भाव लिहा. फरक खर्चाच्या दुपटीहून कमी असेल तर आम्ही पाठवू नका म्हणू, कारण काही नाणी डिटेल्स म्हणूनच परततात आणि त्यांचा खर्च उरलेल्यांवर बसतो. जाहीर किंमत कमी लिहून शुल्क वाचवायचा मोह होतो. पार्सल हरवलं तर भरपाई त्याच आकड्यावर मिळते, हे लक्षात ठेवून किंमत भरा.

पाठवण्याआधीची तयारी नीट केली तर पुढचे निम्मे वाद होत नाहीत. प्रत्येक नाण्याचं वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर घ्या. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम, सोन्याचा ब्रिटिश सॉव्हरिन ७.९९ ग्रॅमच्या जवळ. वापरातली नाणी थोडी कमी भरतात. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रं एकाच दिव्याखाली, एकाच कोनातून काढा, आणि वेगळी ओळखखूण असलेली जागा, एखादा ओरखडा वा ठिपका, जवळून टिपा. परत आल्यावर हेच आपलं नाणं आहे हे त्या खुणेवरून सिद्ध होतं. नाणी पीव्हीसी-मुक्त मायलर फ्लिपमध्ये घाला, एका फ्लिपमध्ये एकच. स्टेपल मारलेली पुठ्ठ्याची चौकट असेल तर आधी चारही पिना पक्कडीने काढा, मग पुठ्ठा उघडा. पीन ओढताना तिचं टोक नाण्यावर फिरलं की नवा ओरखडा तयार. फ्लिपवर फॉर्ममधला ओळ-क्रमांक लिहिलेला असावा. फ्लिप दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबून, रबरबँड न लावता टेपने बांधा. रबरात गंधक असतं आणि चांदीला तेच नको असतं. बाहेरच्या पेटीवर 'नाणी' हा शब्द कुठेही नको.

फॉर्मवरच्या शेऱ्याच्या जागेत दुखणं नेमकं लिहा. 'स्वच्छ करा' हा निरुपयोगी शेरा आहे. 'मागच्या बाजूला गरुडाच्या डाव्या पंखाजवळ हिरवा थर, पीव्हीसीची शंका. टोनिंग शक्यतो राहू द्यावं' असं लिहिलं की तपासणाऱ्याला कुठे पाहायचं आणि काय वाचवायचं ते कळतं. आधीच स्लॅबमध्ये असलेलं नाणं पाठवत असाल तर एक प्रश्न लेखी विचारून ठेवा: संवर्धनानंतर आकडा खाली आला तर काय? स्लॅब आपल्याच कंपनीचा आणि दुसऱ्या कंपनीचा, यांची उत्तरं वेगळी असू शकतात.

वाट पाहण्याच्या काळात ऑर्डर-क्रमांक, कुरियरची पावती आणि फॉर्मची प्रत एका जागी ठेवा. जाहीर कालावधी संपेपर्यंत विचारणा करून हाती काही लागत नाही. संपल्यावर मात्र एकच मुद्देसूद ई-मेल करा: क्रमांक, नोंदणीची तारीख, सध्याची स्थिती, आणि 'नाण्यावर पुन्हा प्रक्रिया चालू आहे की ऑर्डर रांगेत आहे' हा थेट प्रश्न. पहिलं उत्तर आलं तर थांबा, कारण पुन्हा प्रक्रियेला घेतलेलं नाणं काळजीनेच घेतलेलं असतं.

आमची खरी तक्रार दुसरीच आहे. काम झाल्यावर मालकाला नोंद फारशी मिळत नाही. कोणता थर होता, कोणत्या प्रकारच्या द्रावणाने काढला, किती वेळा प्रक्रिया केली, काय मुद्दाम राहू दिलं, हे लेबलवर येत नाही; आकडा मिळालेल्या स्लॅबकडे पाहून नाण्याचं संवर्धन झालं आहे हेही पुढच्या खरेदीदाराला कळत नाही. संग्रहालयात एखाद्या वस्तूवर उपचार झाला की त्याची नोंद वस्तूबरोबर राहते. नाण्यांनाही तेवढा मान मिळायला हवा, आणि या कामासाठी घेतलेल्या शुल्कात चार ओळींचा अहवाल व आधीचं-नंतरचं छायाचित्र बसायला हवं. तोवर ही नोंद मालकानेच ठेवावी आणि विकताना नाण्यासोबत द्यावी.

पेटी परत आली की उघडतानाच छायाचित्रं काढा. लेबलवरचं साल, टांकसाळीची खूण आणि प्रकार फॉर्मशी जुळतात का पाहा. प्रमाणपत्र-क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथली नोंद हातातल्या नाण्याशी ताडा. स्लॅबच्या कडांना तडा नाही ना, नाणं आत सैल फिरत नाही ना, आतल्या बाजूला तंतू वा धूळ अडकलेली नाही ना. मग जुन्याच दिव्याखाली, जुन्याच कोनातून नवी छायाचित्रं. स्लॅब हवाबंद नसतो, त्यामुळे साठवणीची हवा तेवढीच महत्त्वाची: सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांखाली, कांस्याला ३५ च्या जवळ, सोबत रंग बदलणारं सिलिका जेल आणि ते रंग बदलल्यावर तापवून पुन्हा कोरडं केलेलं. लोकरीचं फेल्ट, साधा पुठ्ठा आणि रबर त्या खणात नको. डिप केलेल्या चांदीवर आम्लाचा अंश नीट धुतला गेला नसेल तर तो पहिल्या काही महिन्यांत उमटतो: अक्षरांच्या कडेने पिवळट-तपकिरी रेघ किंवा फील्डवर पसरणारं धुकं. म्हणून सहा महिन्यांनी एकदा आणि वर्षाने पुन्हा, त्याच उजेडात पाहा. असं काही दिसलं तर दोन्ही वेळची छायाचित्रं आणि प्रमाणपत्र-क्रमांक जोडून लगेच कंपनीला लिहा, आणि तोवर स्लॅब फोडू नका. नाणं बाहेर काढलं की हमीवर दावा सांगता येत नाही.